दंडघेर साडेनऊ

माणसाची ताकद टेपने मोजता येते असं मला वाटायचं, कारण मोजायला माझ्याकडे टेपच होती. डॉक्टरकडे नळी असते, रामचंद्रशेठकडे काटा असतो, ज्याच्या हातात जे असेल त्याने तो जग मोजतो. मी गोव्यात, लाटंबार्शात बायकांचे ब्लाउज शिवते. शिवण मला कुणी शिकवली नाही. लग्नात आलेला एक चांगला ब्लाउज उसवला, तुकडे भुईवर मांडले, पुन्हा जोडले. जोडून झाल्यावर एक तुकडा हातात उरला. त्या दिवसापासून मी या कामाकडे गंभीरपणे बघते.

आता सगळ्या वाड्याचे, म्हणजे आमच्या वस्तीचे, दंडघेर मला तोंडपाठ आहेत. दंडघेर म्हणजे दंडाचा घेर. ब्लाउजची बाही त्यावर ठरते, आणि वाड्यावरच्या बायका माझ्याशी बोलतात की नाही ते बाहीवर ठरतं. माझ्या लेकीचा, गौरवीचा, दंडघेर साडेनऊ इंच. बारावीला होती तेव्हा. गोवा राज्य झालं ते वर्ष.

गौरवी डिचोलीला कॉलेजात जायची आणि तिथेच ज्युदो शिकायची. ज्युदो म्हणजे जपानी कुस्ती. जाड पांढरं जाकीट घालायचं, समोरच्याचं जाकीट धरायचं आणि त्याला पाठीवर पाडायचं. एवढ्यासाठी जपानपर्यंत जायची काय गरज होती हे आमच्या ह्यांना, म्हणजे कृष्णनाथांना, शेवटपर्यंत कळलं नाही. पण पोरगी चांगली खेळायची. तोवर आमची मुलं गोवा, दमण आणि दीव अशा तिघांच्या नावाने मिळून हरत. आता गोव्याला एकट्याने हरायचं होतं. राज्याचा पहिला मुलींचा संघ निवडायला डिसेंबरात पणजीला चाचणी होती आणि गौरवीला त्या संघात जायचं होतं. या पोरीने आयुष्यात दोनच गोष्टी मागितल्या. एक सायकल, ती आम्ही दिली नाही. दुसरी ही.

तिचे ज्युदोचे प्रशांत सर चतुर्थीनंतर कसल्याशा कोर्ससाठी पतियाळाला गेले, ते थेट चाचणीलाच येणार होते. जाताना त्यांनी तिचं आरोग्य केंद्रात वजन केलं. साडेसत्तेचाळीस भरलं. अठ्ठेचाळीसच्या खालच्या गटात ती खेळणार. मला म्हणाले, "काकी, ताकद वाढू दे, वजन वाढू देऊ नका. रहिवासी दाखला काढून ठेवा. आणि जाकीट तयार मिळालं नाही तर तुम्हीच शिवा, तुमचा हात चांगला आहे."

शेवटचं वाक्य ऐकल्यावर आधीची दोन कोणाच्या लक्षात राहणार?

आता बाबाजीचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बाबाजी आमच्या शेजारचा. सावंतवाडीकडून आला आणि खाणीवर टिपर चालवायला लागला तो इथलाच झाला. दंडघेर सोळा. मी त्याचं काही शिवलेलं नाही, पण इतक्या वर्षांनी नजरेलाच टेप लागते. सर गेल्यावर एका संध्याकाळी तो आमच्या अंगणात उभा राहून गौरवीला म्हणाला, "गो चेडवा, तुझे हात म्हंजे शिरटे. तू कोणाक पाडतलस? माका पाड बघू!" शिरटे म्हणजे काटक्या.

गौरवी म्हणाली, "बाबाजीमामा, नको."

"भियालं!" असं म्हणून त्याने तिचा खांदा धरला. मग काय झालं ते मी जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बघत होते तरी मला दिसलं नाही. ती त्याच्या पोटाखाली कुठेतरी शिरली, वाकली, आणि बाबाजी वाळत घातलेल्या सुपाऱ्यांत उताणा. उठला तेव्हा पाठीला चार सुपाऱ्या चिकटलेल्या. "माझो पाय घसारलो," म्हणाला, आणि सुपाऱ्यांसकट घरी गेला.

हे बघून शहाण्या बाईने समजायला हवं होतं की पोरीचं सगळं व्यवस्थित चाललंय. मी मात्र त्रैराशिक मांडलं. साडेनऊ इंचांत बाबाजी पडतो, तर अकरा इंचांत कोण पडेल?

त्यात रहिवासी दाखल्याचं झालं. मी गौरवीला घेऊन डिचोलीच्या एका कचेरीत गेले. अर्ज मी मराठीत केला होता, कारकुनाने तो कोंकणीत वाचला आणि इंग्रजीत नाकारला. कारण काय, तर राज्य झालं तरी राज्याचा शिक्का आला नव्हता. जुन्या शिक्क्यात दमण आणि दीव होतं. ते आता गोव्यात नाहीत, म्हणून शिक्का मारता येत नाही. आणि शिक्का नाही, म्हणून आम्ही गोव्यात राहतो हे सांगता येत नाही. आम्ही नेमक्या कुठे राहतो असं मी विचारलं, तर म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्याने जुनाच शिक्का मारून दमण आणि दीव पट्टीने नीट खोडले. मग कागद देता देता गौरवीकडे वर-खाली बघून म्हणाला, "राज्याच्या टीमीत ही? हिच्यापरस चड मांस आमच्या पंख्याक आसा."

पंख्याला माझ्या पोरीपेक्षा जास्त मांस! बसमध्ये बसल्यावर मी पर्समधून टेप काढली आणि सगळ्यांसमोर पोरीचा दंड पुन्हा मोजला. साडेनऊच. तेव्हा ठरवलं.

घरी येऊन मी चंद्रावतीवहिनींना सांगितलं, ही पहिली चूक. चंद्रावतीवहिनी पलीकडच्या घरातल्या, सात जणांना वाढवून मोकळ्या झालेल्या. आता उरलेल्या वेळात त्या इतरांना वाढवतात. "गो आनंदी," त्या म्हणाल्या, "तूं तिका तिजण दी. नाचण्याचें, गूळ घालून, नाल्लाचो रोस घालून. म्हयन्यान दंड बघ कसो येता तो!" दुसऱ्या दिवशी त्यांनीच टोप भरून तिजण, म्हणजे नाचणीची गोड पेज, आणलं. बाबाजीचंही मत पडलं. सुपाऱ्यांच्या प्रकरणानंतर त्याला गौरवीबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली होती, कारण ती जितकी बलवान ठरेल तितकी त्याची अब्रू वाचणार होती. "वहिनी, टिपराक धा चाकां कित्याक आसतत? लोड वडूक! जितक्या मोठा, तितकी ताकद. सादी गोष्ट."

कृष्णनाथ खाणीच्या स्टोअरमध्ये आहेत. त्यांनी वर्कशॉपातून मोडीत निघालेल्या दोन लोखंडी चकत्या पाइपाला वेल्ड करून आणल्या. ते प्रकरण रिक्षातून दोन माणसांनी उतरवलं आणि ओसरीवर ठेवलं, तेव्हा एक फरशी गेली. "व्यायामाला," कृष्णनाथ म्हणाले, आणि स्वतः लांबच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, जाऊन बसले.

आता वजन. सरांचं ते एक वाक्य मी विसरले नव्हते. वजन वाढू द्यायचं नाही म्हणजे आधी ते कळायला हवं, आणि गावात काटा एकच, रामचंद्रशेठच्या गोदामातला. शेठ सगळ्यांचे काजू घेतात, मग सुपारी, मग मिरी. माणूस देवभोळा आहे, बोलायला गोड आहे. फक्त घरी पायलीने मोजून नेलेली काजूची पाटी त्यांच्या काट्यावर चढली की जराशी बारीक होते. हे सगळ्या गावाला माहीत आहे. दर हंगामात मी त्यांच्याशी भांडते, शेठ दर हंगामात म्हणतात, "वाटेर सुकले आसतले, बाय," आणि दर हंगामात मी परत त्यांच्याकडेच जाते, कारण दुसरा काटा डिचोलीला.

त्याच काट्यावर आम्ही गौरवीला उभं केलं. पंचेचाळीस.

कोणाच्याही मनात काट्याबद्दल काही आलं नाही, हे मी आज शपथेवर सांगते. काजूला फसवणारा काटा पोरीला कशाला फसवेल? काट्याचं तिच्याशी काय वाकडं? आम्हाला वाटलं, पोरगी सुकली. चंद्रावतीवहिनींनी तोंडावर हात मारला. "त्या कचेरीच्या खेपांनी खाल्लें गो तिका!" आणि मी, जिने अख्खं आयुष्य अर्धा इंच इकडे तिकडे होऊ दिला नाही, त्या मी हिशोब केला: अठ्ठेचाळीस होईपर्यंत जवळजवळ तीन किलोंची जागा आहे. जागा असली की आपण भरतो.

मग आम्ही भरली. सकाळी तिजण. पाववाल्या पोदेराची सायकल आली की दोन पोयांत अंडी. दुपारी बांगडे, काट्यासकट म्हटलं तर काट्यासकट. रामचंद्रशेठसुद्धा हौसेने काजूगर पाठवायचे. पोरगी राज्याची होणार आणि ती आपल्या काट्यावर वाढतेय, याचा त्यांना अभिमान. संध्याकाळी ओसरीवर ती कृष्णनाथांच्या लोखंडाला उचलायची आणि अंगणातली मंडळी मोठ्याने मोजायची.

आणि दंड आला! दहा. सव्वादहा. दिवाळीला साडेदहा. इकडे शेठचा काटा सेहेचाळीसवरून हळूच पुढे सरकत सत्तेचाळीसला पोचलेला. मांस चढतंय आणि वजन हद्दीत आहे, हा चमत्कार बघायला वरच्या वाड्यावरून माणसं येऊ लागली. एकदा आली की मग आपलाही दंड मोजून घ्यायची. बायकांचे ब्लाउज तसेच पडले आणि माझ्या ओसरीवर पुरुषांची रांग. श्वास रोखून, मूठ आवळून, आणि मी टेप लावली की चेहरा असा की जणू हनुमानाला पोस्टाचं तिकीट लावतेय. बाबाजीचा खरंच सोळा निघाला. तो म्हणाला, "सतरा आसतलो, आज तापसरी आसा."

एका संध्याकाळी कृष्णनाथही रांगेत उभे राहिले. मी मोजलं. नऊ. गौरवीपेक्षा दीड इंचाने कमी.  "माझी ताकद डोक्यात आहे," ते म्हणाले. त्यांनीच सुचवलं म्हणून मी डोक्याचाही घेर मोजला. तोही फार नव्हता. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी फक्त गौरवीमार्फत बोलले.

गौरवी मात्र कुरकुरत होती. "आई, मला पूर्वीसारखं आत शिरता येत नाही. शिरायच्या आधीच हात ओढायला लागतात."

"अगं, हात आहेत तर ओढणारच."

"आणि दम लागतो."

"दम कोणाला लागत नाही? तुझ्या बाबांना जेवताना लागतो."

तिने तिजणाची वाटी उचलली. आईचं मन मोडायचं नाही म्हणून पिऊन टाकलंन. ते मला तेव्हा दिसलं होतं. पण मी जाकिटात गुंतले होते.

जाकीट! त्याचं कापड मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलं, इतकं जाड की मशीनच्या चार सुया मोडल्या. पाठ, पुढे, पट्टी, सगळं झालं आणि शेवटी बाही. इतके कष्ट करून आणलेला अकरा इंची दंड सैल बाहीत कोण झाकेल? मी अशी बाही बसवली की हात दुमडला की दंड आतून दिसला पाहिजे. एक धागा सैल नाही. चंद्रावतीवहिनींनी तिला उजेडात फिरवून बघितलं. "कसो भरला बघ हात, केळीच्या बोंडावरी!" माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली बाही होती. ब्लाउजला असती तर बक्षीस मिळालं असतं.

चाचणीच्या सकाळी शेठच्या काट्यावर शेवटचं वजन. साडेसत्तेचाळीस. सरांनी सोडलं होतं तेवढंच, वर दीड इंच दंड. शेठनी स्वतःची जीप काढली. आम्ही तिघं, चंद्रावतीवहिनी, बाबाजी, शेठ, ड्रायव्हर, आणि मैद्याच्या पांढऱ्या पोत्यापासून शिवलेल्या माझ्या मोठ्या पिशवीत सगळ्यांचं जेवण. पोदेर मैद्याची रिकामी पोती मला देतो. कापड टिकाऊ असतं, छपाई मात्र धुतली तरी जात नाही.

पणजीच्या सभागृहात प्रशांत सर दारातच भेटले. गौरवीकडे बघून त्यांचं हसू अर्ध्यात थांबलं. "वजन केलंस?"

"शेठनी केलं," मी पुढे होऊन सांगितलं. "साडेसत्तेचाळीस."

गौरवी तिथल्या काट्यावर चढली. काटेवाल्याने वजन सरकवलं, आणखी सरकवलं, आणि आवाज दिला, "पन्नास, दोनशे ग्रॅम."

मी म्हटलं, तिने खिशात काही ठेवलंय. खिसा नव्हता. मी म्हटलं, पुन्हा करा. पुन्हा तेच. आणि मग आम्ही लाटंबार्शाची सगळी माणसं, कोणी काही न सांगता, सावकाश रामचंद्रशेठकडे वळलो.

शेठना घाम आला. "हो सरकारी काटो," ते म्हणाले. "सरकारी वस्तूचो कसलो विश्वास?"

बाबाजी म्हणाला, "शेठ, तुमी सोता चडा बघूया. तुमचा वजन तुमका म्हायत आसा मां?"

"शहात्तर," शेठ म्हणाले. "दाक्तरान सांगलां देवयात म्हणान. देवयलां. दर आयतवारी बघतंय." आणि वजन उतरवलेल्या माणसाच्या ताठ मानेने चढले.

ऐंशी.

शेठ काट्यावरून उतरले ते भिंतीला टेकूनच बसले. गावाच्या काजूचं काय झालं ते आम्हाला कळलं होतं. त्यांना त्या क्षणी फक्त आपण दोन वर्षं बिनसाखरेचा चहा कशासाठी प्यायलो एवढंच कळत होतं. चंद्रावतीवहिनींनीच शेवटी त्यांना पाणी दिलं. "वाटेर ओले जाले आसतले, शेठ," त्या म्हणाल्या.

मला हसू यायला हवं होतं. पण गौरवी काट्याजवळ उभी होती, हात दोन्ही बाजूंना सोडून, आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"बावन्नच्या गटात खेळावं लागेल," सर म्हणाले. "जाकीट घाल."

जाकीट घातलं तर पंचाने तिची बाही धरायला हात पुढे केला. धरता येईना. चिमूट बसेना. त्याने सरांना बोलावलं. "ही बाही चालणार नाही. समोरच्या खेळाडूला धरायला मिळालं पाहिजे. हात आणि बाही यांत चांगली वीतभर जागा हवी. पाच मिनिटांत बदला, नाहीतर बाद."

धरायला! माझ्या शिवणकामात आजवर कोणी ही सोय मागितली नव्हती.

पाच मिनिटांत जाकीट कुठून आणणार? मी दातांनी शिवण धरली आणि फाडली. खांद्यापासून मनगटापर्यंत दोन्ही बाह्या उसवल्या. सुई-दोरा माझ्या पदराला असतोच. कापड हवं होतं, जाड आणि पांढरं. जेवणाची पिशवी! बाबाजीने डबे भुईवर ओतले, मी ब्लेडने पिशवीच्या दोन पट्ट्या काढल्या. एका बाजूने मी टाके घालत होते, दुसऱ्या बाजूने चंद्रावतीवहिनी, ज्यांनी सात पोरांच्या चड्ड्या शिवल्यात पण सरळ कधी नाही. शिवून झालं आणि पोरगी धावली. तेव्हा आम्ही पाहिलं की घाईत छपाईची बाजू बाहेर आलीये. उजव्या बाहीवर निळ्या अक्षरांत, खांद्यापासून कोपरापर्यंत: निव्वळ वजन ५० किलो.

"खोटां नाय," बाबाजी म्हणाला.

समोरची मुलगी मोरजीची, प्राजक्ता नावाची. तिच्या घरचे समुद्रावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं, ओढतात असं मागाहून कळलं. उंच, वाळलेली, हात शेवग्याच्या शेंगांसारखे. तिला बघून आमच्या मंडळींना एकदम धीर आला. "ही?" शेठसुद्धा भिंतीवरून उठले. "ही वारो इलो तर जनेलातसून भायर पडतली!"  माझ्या नजरेची टेप मात्र आपोआप तिच्या दंडावर गेली होती. सव्वानऊ. तसेच हात मी चतुर्थीनंतर माझ्या अंगणात बघितले होते.

गौरवीने तिला धरलं आणि ओढलं. पूर्ण अकरा इंचांनी ओढलं. ती मुलगी आली नाही, गेली नाही, नुसती गवतासारखी वाकली. गौरवीने पुन्हा ओढलं. मी बघत होते, तिचे पाय जागेवर राहिले होते आणि काम सगळं दंडच करत होते. जशी एखाद्या घरातली एकच सून सगळं करते आणि शेवटी तिचीच कंबर मोडते. तिला दम लागला. प्राजक्ताने वाट बघितली, आणि गौरवीने तिसऱ्यांदा ओढायला जोर लावला त्याच जोरावर बसून ती आत शिरली. कुठे शिरली दिसलं नाही. गौरवी पाठीवर पडली. आवाज सभागृहभर झाला.

बाबाजी उभा होता. "अश्याच," तो हळू आवाजात म्हणाला. "माका पण तिणा अश्याच पाडल्यान." तिथेच त्याची पाय घसरल्याची गोष्ट संपली.

गौरवी रडली नाही. माझ्याजवळ येऊन बसली, जाकिटाच्या पट्टीने तोंड पुसलं, आणि विचारलं, "आई, तिचा दंडघेर किती गं?"

"सव्वानऊ."

"हं," ती म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

सर आमच्यासमोर उकिडवे बसले. "काकी, दंड जाड झाला की ताकद वाढते, नाही असं नाही. पण दंड वाढला तेवढीच वाढते असं नाही. आणि या खेळात दंडाचा नंबर शेवटचा. आधी पाय, मग कंबर, मग वेळ, म्हणजे नेमका क्षण साधणं. हिच्याकडे वेळ होती. तिच्यावर तुम्ही तीन किलो ठेवले."

"म्हंजे टायर मोठे लायले," बाबाजी म्हणाला, "आणि इंजिन तांच."

"आता काय?" मी विचारलं. 

आता जे झालं त्याचं श्रेय मी कागदपत्रांना देते, ज्यांचं मी आयुष्यात कधी भलं चिंतलं नव्हतं. अठ्ठेचाळीसच्या गटात आलेली मुलगी एकच, म्हापशाची स्नेहा. गौरवीच नव्हती, मग तिच्याशी लढायला कोण? समितीने तिला तशीच निवडायचं म्हटलं, पण टेबलाशी बसलेल्या एका अधिकाऱ्याने परिपत्रक उघडलं. नवं राज्य, नवं परिपत्रक. लढत झाल्याशिवाय निवड नाही; एकच खेळाडू असल्यास महिन्याभरात फेरचाचणी. समितीचे साहेब तीनदा म्हणाले की जाऊ दे, आणि तीनदा तो म्हणाला की नियमात बसत नाही. मला त्याच्या गळ्यात हार घालावासा वाटला.

सर म्हणाले, "महिना आहे. अठ्ठेचाळीसच्या खाली. खऱ्या काट्यावर."

 आठवड्याने शेठच्या गोदामात नवा काटा आला, सरकारी शिक्क्याचा. गावाच्या धाकाने म्हणा किंवा स्वतःच्या चार किलोंच्या धक्क्याने. त्याच्यावर पहिली चढली गौरवी, दुसरे शेठ.

आणि वाड्यावरची सगळी अक्कल उलट्या दिशेने कामाला लागली. चंद्रावतीवहिनी सोलकढी घेऊन आल्या. "हांवें तेन्नाच सांगिल्लें, चेडवाक तिजण चड दिवं नाका म्हूण," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी खात्री होती की मलाच माझी शंका आली. बाबाजीने तिला रोज अंगणात स्वतःला पाडायला दिलं, सुपाऱ्या आधी नीट गोळा करून. कृष्णनाथांचं लोखंड लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून गेलं. कैऱ्या इतक्या चांगल्या कधी मुरल्या नव्हत्या. मी फक्त एक गोष्ट केली. टेप मशीनच्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

जाकिटाच्या पट्ट्या बदलून चांगल्या कापडाच्या लावते, असं मी म्हटलं. गौरवी म्हणाली, "राहू दे. सैल आहे, बरं आहे."

फेरचाचणीला सत्तेचाळीस किलो आठशे. समोर स्नेहा, चांगली भरलेली, दंडघेर, नाही, मी बघितला नाही. गौरवीने ओढलं नाही. समोरचीला बाही धरू दिली. निळ्या अक्षरांची सगळी पट्टी त्या मुलीच्या मुठीत गेली, ती जोराने पुढे आली, आणि माझी पोरगी वाकून खाली शिरली. या वेळी मला दिसलं. शिरताना आधी पाऊल गेलं, मग कंबर. हात नुसते बरोबर गेले होते, आणि स्नेहा पाठीवर पडली होती.

घरी आल्यावर तिने माझ्या खणातून टेप काढली, पाठ फिरवून स्वतःचा दंड मोजला, हसली, आणि टेप गुंडाळून ठेवून दिली.

"किती?" मी विचारलं.

"बाही सैल आहे ना? मग तुला कशाला हवं?"

मला अजून माहीत नाही.

संघ निघाला त्या दिवशी आम्ही सगळे पणजीला पोचवायला गेलो. संघाचे नवे कोट आले नव्हते. छापणाऱ्याने सवयीने पाठीवर दमण आणि दीव छापले होते आणि ते परत गेले होते. म्हणून फोटोसाठी मुली आपापल्या जाकिटांत उभ्या राहिल्या, तशाच बसमध्ये चढल्या. बस सुटली. मांडवीकडून वारा येत होता. गौरवीने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, तो वारा सैल बाहीत शिरला, आणि निव्वळ वजन ५० किलो टम्म फुगलं, खांद्यापासून कोपरापर्यंत, बाबाजीच्या दंडाच्या दीडपट.

चंद्रावतीवहिनींनी माझा दंड घट्ट धरला. "बघ, बघ गो आनंदी," त्या म्हणाल्या, "दंड आयलो मगो शेवटाक!"